कृष्णाकाठचे संगम आणि नगरे : सातारा व सांगली जिल्ह्यांचे भूवैशिष्ट्य

१९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. त्यांपैकी दक्षिणेकडील भागास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. ही विभागणी शासनाच्या सोयीची होती. तथापि निसर्गाने केलेली विभागणी उत्तर-दक्षिण नसून पूर्व-पश्चिम आहे. प्रस्तुत लेखात तिचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे १०० किलोमीटर पूर्वेस माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास उरतो. या दोन टोकांमधून कृष्णा वाहते. तिच्या काठची प्रमुख स्थळे पाहता त्यांपैकी बरीचशी संगमावर किंवा संगमानजीक वसल्याचे आढळते. माहुलीस वेण्णा, कराडास कोयना, ब्रह्मनाळास येरळा आणि सांगलीलगतच्या हरिपुरास वारणा कृष्णेस मिळते. कराड येथे तर कृष्णा व कोयना जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात.

या उपनद्यांचा स्वभाव मात्र सारखा नाही. वेण्णा, कोयना व वारणा या घाटमाथ्याचे पाणी आणतात. येरळा पर्जन्यछायेतील खटावाकडून येते व वर्षाचा बराच काळ कोरडी असते. कराडच्या खाली पात्राचा उतार मंदावतो, नदी वळणे घेते व गाळ टाकते. या गाळानेच सांगलीचा परिसर सुपीक केला. हरिपूर येथे हळद साठविण्याची पेवे खोदली गेली, ती याच खोल मातीत. परंतु जेथे गाळ साचतो तेथे पुराचे पाणीही थांबते. वारणा फुगली की कृष्णेच्या पाण्यास पुढे वाट मिळत नाही व ते शहराकडे पसरते. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

त्याच वर्षी माण, आटपाडी व जत हे तालुके पाणीटंचाईने होरपळले होते, ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये. महापूर आणि अवर्षण ही येथे एकाच भूरचनेची दोन रूपे होत. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडे चढविले. टेंभू हे गाव सातारा जिल्ह्यात कराडनजीक आहे, पण तेथे उचललेले पाणी सांगली जिल्ह्यातील आटपाडीपर्यंत जाते. कोयना धरण साताऱ्यात असले, तरी त्यातून केव्हा व किती पाणी सोडावे हा प्रश्न सांगलीच्या घराघराशी निगडित आहे.

म्हणून या प्रदेशाचा अभ्यास जिल्हा हे एकक धरून करणे अपुरे ठरते. खोरे हेच येथील खरे एकक होय.