केमोची तारीख वस्तीच्या वहीत

डॉक्टरांचा राउंड संपला की वॉर्डातले पेशंट सिस्टरला हळूच हाक मारतात. नर्स म्हणून काम केलं त्या वर्षांत कॅन्सरच्या पेशंटने अशा वेळी औषधाबद्दल विचारल्याचं मला क्वचितच आठवतं. प्रश्न वेगळेच असायचे. "सिस्टर, पुढच्या तारखेला मला घेऊन कोण येणार?" "मॅडम माझं काम ठेवतील का?" "पोरं शाळेतून येतील तेव्हा घरात कोण असेल?" उपचार मध्येच सोडलेल्या पेशंटच्या घरी मी पुढे जात राहिले, तेव्हा कारण म्हणून हेच प्रश्न पुन्हा ऐकले.

कॅन्सरचा उपचार लांबतो. केमोथेरपी बऱ्याच पेशंटना दर २१ दिवसांनी, काहींना दर आठवड्याला देतात आणि ती कित्येक महिने चालते. रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला 'लाईट' म्हणतो ते, आठवड्यातून पाच दिवस असं पाच ते सात आठवडे चालू शकतं. शिवाय ऑपरेशन. औषध योजनेतून फुकट मिळालं तरी रिक्षा, चहा, झेरॉक्स आणि बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. तीन-चार केमो झाल्या की गाठ लहान होते, बरं वाटू लागतं, हातात पैसा उरलेला नसतो आणि माणूस म्हणतो, आता पुरे. पण गाठ हाताला लागत नाही म्हणजे आजार गेला असं नसतं. अर्ध्यावर सोडलेला उपचार पुन्हा धरायला गेलं तर कधी कधी वेळ निघून गेलेली असते.

म्हणून औषधाइतकीच माणसांची जुळवाजुळव पहिल्या दिवसापासून करावी लागते. ती आपल्या वस्तीत कशी करता येईल, ते या वेळी पाहू.

ताट वेगळं करू नका

सगळ्यात आधी आजार लपवला जातो. पोरीचं लग्न जमणार नाही, लोक नावं ठेवतील, ही भीती. स्तनाचा किंवा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असला तर बाई घरातही उशिरा बोलते. काही घरांत तिचं ताट-वाटी वेगळी होते, काही घरांत 'बरी होऊन ये' म्हणून तिला माहेरी धाडतात.

कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवून, एका अंथरुणावर झोपून, एकच संडास वापरून तो होत नाही. मशिनने बाहेरून लाईट घेऊन आलेल्या माणसाच्या अंगातून किरणं बाहेर पडत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. ताट वेगळं करण्याचा अर्थ काय असतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेलं आहे. आपल्याच घरातल्या आजारी माणसावर ती वेळ आणू नका.

सगळ्या वस्तीत दवंडी पिटायची गरज नाही. पेशंटने आपल्या भरवशाची पाच-सहा माणसं निवडावीत. कुणाला किती सांगायचं, हेही पेशंटनेच ठरवावं.

एक वही, पाच कामं

भेटायला आलेला प्रत्येक जण जाताना म्हणतो, "काही लागलं तर सांगा." आजारी माणूस कधी सांगत नाही, त्याला मागायची लाज वाटते. त्यामुळे मदत नेमून द्यावी लागते. शंभर पानांची एक वही घ्या. पहिल्या पानावर केमोच्या आणि तपासणीच्या तारखा लिहा. त्यापुढे कामं आणि ती करणाऱ्यांची नावं.

सोबत : केमोच्या दिवशी रक्त तपासणी, रिपोर्ट, डॉक्टर, मग सलाईन यात अख्खा दिवस जातो. दर वेळी एकाच मुलाने रजा घेतली तर त्याची नोकरी जाते. तिघांनी पाळ्या लावाव्यात. लाईटला रोज जायचं असतं, तिथे वार वाटून घ्यावेत.

कागद : वस्तीतल्या शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने फाईल सांभाळावी. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी यांचे झेरॉक्सचे दोन संच कायम तयार ठेवावेत. मूळ रिपोर्ट कुणाच्या हाती सोडू नयेत.

डबा : केमोनंतर काही दिवस मळमळतं, फोडणीचा वास सहन होत नाही, तोंड येतं. त्या दिवसांत शेजारून वरण-भात, मऊ खिचडी, नाचणीची पेज, उकडलेलं अंडं असं कमी तिखटाचं, ताजं शिजवलेलं जेवण यावं. गाडीवरची कापलेली फळं नकोत. "मटण-मासे-अंडी बंद करा" असा सल्ला देणारे खूप भेटतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर बंद करू नका, झीज भरून यायला ते अन्न लागतं. कुणी दिलेला काढा किंवा पुडी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

मुलं : आई आजारी पडली की चूल मोठ्या मुलीच्या गळ्यात येते आणि तिची शाळा सुटते. हे इतकं मुकाट होतं की कुणाच्या लक्षातही येत नाही. वहीत तिच्या नावाचं पान असू द्या. ती रोज शाळेत गेली का, हे बघणारी एक ताई किंवा मावशी नेमा.

पैसे : जयंतीची वर्गणी कशी जमवायची, पावती कशी फाडायची, हिशोब फळ्यावर कसा लावायचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तसंच घरटी महिन्याला वीस-तीस रुपये जमवता येतात. हा पैसा येण्या-जाण्याला आणि किराण्याला ठेवा. बचत गटाचा हप्ता असेल तर गटाने तो पुढे ढकलण्याचा ठराव करावा. पेशंटला खासगी सावकाराच्या दारात जाऊ देऊ नका.

ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतूंशी लढायची ताकद घटते. या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा थंडी वाजून अंग कापू लागलं, तर त्याच वेळी हॉस्पिटल गाठा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. तापाची गोळी देऊन झोपवू नका. घरात थर्मामीटर ठेवा आणि वस्तीतल्या एका रिक्षावाल्या दादाचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

याच कारणाने, सर्दी-खोकला असेल तर भेटायला जाऊ नका, फोन करा. दहा जणांनी एकदम खोलीत दाटी करू नका. आणि "आमच्या अमक्याला हेच झालं होतं, वाचला नाही" ही गोष्ट पेशंटसमोर सांगू नका.

हक्काचं आहे ते मागून घ्या

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटा. चौकशीचा टोल फ्री क्रमांक १५५३८८. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक असतात, तेही मार्ग दाखवतात. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. "खाट नाही" असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा.

कंत्राटी कामगाराकडे ईएसआय कार्ड असेल तर अटी पूर्ण झाल्यावर कॅन्सरसाठी मजुरीच्या ८० टक्के दराने दीर्घ आजारपणाचा लाभ मिळतो, तो दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. काम करणं अशक्य झालेल्या गरीब पेशंटला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करता येतो, तो तहसील कार्यालयात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्यावा लागतो. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सर पेशंटला प्रवास करता येतो.

परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून लोकांना माहीत आहे, पण प्रत्येकाला मुंबई गाठावीच लागते असं नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. जवळ उपचार झाला तर सोबतीला माणसं मिळतात. मुंबईलाच यावं लागलं तर टाटाच्या समाजसेवा विभागात राहण्याच्या सोयीची चौकशी आधी करा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावचे कॅन्सर पेशंट आणि त्यांचे नातलग अल्प खर्चात राहतात. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली होती.

आपल्याला काय जमणार?

हा प्रश्न मला महिला मंडळांत हमखास विचारला जातो. केरळचं उदाहरण देते. तिथे कोझिकोडमध्ये १९९३ साली असाध्य आजाराच्या पेशंटचं दुखणं कमी करण्यासाठी एक संस्था सुरू झाली. हॉस्पिटलपर्यंत पोचू न शकणारे खूप आहेत हे दिसल्यावर १९९९ च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यापासून शेजारच्या साध्या माणसांनाच प्रशिक्षण देण्याचं काम सुरू झालं. दुकानदार, मजूर, विद्यार्थी, गृहिणी आठवड्यातले दोन तास देऊ लागले. घराघरातून थोडे थोडे पैसे जमू लागले. २००८ साली केरळ सरकारने या सेवेचं धोरण आणलं. उपचाराने बरं होणार नाही अशा पेशंटलाही शेवटपर्यंत दुखण्यावर औषध आणि जवळ माणूस मिळावा, हे तिथल्या शेजाऱ्यांनी अंगावर घेतलं.

आपल्या मुंबईचंही उदाहरण आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हिनेगरच्या साध्या तपासणीने गर्भपिशवीचं तोंड तपासून घेतलं. बारा वर्षांत, तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. दहावीच्या शिक्षणावर बाया एवढं करू शकतात, तर केमोच्या तारखांची वही नक्कीच चालवू शकतात.

विनयपिटकात अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूची हकिगत आहे. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः आंघोळ घातली. बाकीच्या भिक्खूंना त्याच्याकडे का पाहिलं नाही असं विचारल्यावर उत्तर आलं, तो आमच्या काही उपयोगी पडत नव्हता. वस्तीतही हे चालतं. जो वर्गणी देत नव्हता, भांडत होता, दारू पीत होता, त्याच्या आजारपणात कुणी फिरकत नाही. त्याची घरवाली मात्र त्या दारात एकटी उभी असते. वहीत नाव घालताना हा हिशोब काढू नये, एवढंच त्या हकिगतीवरून घ्यावं.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा मिनिटं थांबा. वस्तीत सध्या कुणाचा कॅन्सरचा उपचार चालू आहे, त्या घराला विचारून, त्यांची परवानगी घेऊन पहिली वही सुरू करा. कुणीच पुढे आलं नाही तरी कोरी वही विहारात ठेवा आणि ती कशासाठी आहे ते सांगा. उपचार संपल्यावरही वही बंद करू नका. पुढची काही वर्षं तपासणीला जावं लागतं आणि त्या तारखा घरातले विसरतात. जय भीम.