आधी क्लिंटन की आधी गोर?

सप्टेंबर 1997 मध्ये गॅलप या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकी नागरिकांना दोन प्रश्न विचारले. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन प्रामाणिक वाटतात का? आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर? निम्म्या लोकांना आधी क्लिंटनबद्दल विचारलं, निम्म्यांना आधी गोरबद्दल. पहिलाच प्रश्न असताना क्लिंटनना 50 टक्के होकार मिळाले, गोरना 68. तोच प्रश्न दुसरा आला तेव्हा क्लिंटन 57 वर चढले आणि गोर 60 वर उतरले. अठरा टक्क्यांची दरी तीनवर आली, ती नुसत्या क्रमामुळे.

मोजण्याचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे क्वांटम भौतिकीला नवं नव्हतं. माणसाच्या मनालाही तेच गणित लावता येईल का, हा विचार ब्रुसेल्सचे भौतिकशास्त्रज्ञ डिडेरिक आर्ट्स 1990 च्या दशकात करत होते. मेंदूत क्वांटम कण काही चमत्कार घडवतात, असा त्यांचा दावा नव्हता. रॉजर पेनरोज यांची वाट ती, आणि ती वेगळी. इथे उसनं घेतलं ते फक्त गणित.

त्याची गरज होती. 1992 मध्ये मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि शाफिर यांनी एक जुगार मांडला: जिंकलात तर 200 डॉलर, हरलात तर 100 गेले. पहिला डाव जिंकल्याचं कळलं, तर 69 टक्के पुन्हा खेळायला तयार. हरल्याचं कळलं, तरी 59 टक्के. निकाल सांगितलाच नाही, तेव्हा मात्र फक्त 36! नेहमीच्या संभाव्यतेच्या हिशेबात हा आकडा 59 आणि 69 च्या मधेच पडायला हवा.

संदर्भ बदलला की उत्तर बदलतं, हे भाषेत तर पावलोपावली दिसतं. ‘पान’ म्हटलं की झाडाचं, वहीचं, विड्याचं, सगळी पानं मनात एकदमच असतात. स्वयंपाकघरातून ‘पान वाढलंय’ अशी हाक आली, की उरतं फक्त ताट. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे टाक्यांत सोडतात तो गप्पी मासाही या अभ्यासात गाजला. ‘पाळीव प्राणी’ म्हटल्यावर तो आठवत नाही, नुसतं ‘मासा’ म्हटल्यावरही नाही. ‘पाळीव मासा’ म्हटलं की लगेच आठवतो. आर्ट्स आणि लियान गाबोरा यांनी 2005 मध्ये शब्दांच्या अशा जोड्यांसाठी क्वांटम मांडणी केली.

बुझमायर आणि ब्रूझा यांचं या विषयावरचं पुस्तक 2012 मध्ये आलं, पण खरी कसोटी 2014 ची. प्रश्नांचा क्रम उलटला तरी एका प्रश्नाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्यांचं एकूण प्रमाण तेच राहील, असं क्वांटम गणित आधीच सांगत होतं. झेंग वांग, बुझमायर आणि सहकाऱ्यांनी 70 राष्ट्रीय सर्वेक्षणं तपासली आणि भाकीत टिकलं. आकडे हाती आल्यावर त्यांना शोभेलसं समीकरण जुळवणं सोपं. आधी सांगून खरं ठरणं अवघड, म्हणून या निकालाचं मोल मोठं.

पण 2018 मध्ये केलन, सिंगमन आणि बॅचेल्डर यांनी दाखवलं, की साध्या संभाव्यतेतूनही हीच समानता निघू शकते. काही माणसं पहिलं उत्तरच दुसऱ्या प्रश्नालाही देऊन टाकतात एवढं धरलं, तरी पुरतं.