न्यू फॉरेस्टमधल्या तीन रात्री

"सात समुद्र ओलांडून आले ती काय रानात झोपायला?" हा अम्मींचा पहिला सवाल. खरे सांगायचे तर आम्हा दोघांच्या मनातही तोच होता. भाईजान बावीस वर्षांपासून इंग्लंडमधल्या लुटन शहरात आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये अम्मींना आणि आमच्या मुलीला घेऊन आम्ही प्रथमच त्यांच्याकडे गेलो. लंडन पाहून झाले, नातेवाइकांच्या दावती झाल्या. मग एका रात्री जेवताना भाईजानने सांगून टाकले की सोमवारपासून तीन रात्री आपण सगळे जंगलात, कॅराव्हॅनमध्ये राहणार आहोत.

अम्मींचे वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. वुजूचे काय, संडासाचे काय, थंडी किती, हे प्रश्न त्यांनी विचारले. आम्हाला मात्र वेगळीच चिंता होती. गावच्या घरावरून आम्हा भावाभावांत तीन वर्षे अबोल्यासारखेच चालले होते. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे खाडीकाठचे कौलारू घर विकून टाकावे असे भाईजानचे म्हणणे, आणि आमचे म्हणणे नाही. फोनवर हा विषय निघाला की कोणीतरी फोन ठेवून देई. लुटनच्या घरात निदान वेगवेगळ्या खोल्या होत्या. जंगलात एका डब्यात सात माणसे कशी राहणार?

कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर. मौजेसाठी अशी गाडी बनवून घेण्याची रीत इंग्लंडमध्ये १८८५ साली सुरू झाली. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टर-लेखकाने 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून तो स्कॉटलंडपर्यंत गेला. तंबूवाल्यांचा क्लब १९०१ मध्ये निघाला, कॅराव्हॅनवाल्यांचा १९०७ मध्ये. दोन्ही अजून चालू आहेत. भाईजानच्या मित्राने आम्हाला दिलेली गाडी चार माणसांची होती. दोन बाके रात्री पलंग होतात, कोपऱ्यात गॅसची शेगडी, एक इवलेसे न्हाणीघर. अम्मी, बायका आणि आमची मुलगी आत झोपणार. भाईजान, आम्ही आणि सोळा वर्षांचा पुतण्या शेजारच्या तंबूत, असे ठरले.

लुटनहून न्यू फॉरेस्ट सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. मागे कॅराव्हॅन असेल तर तिथे मोटरवेवर ताशी साठ मैलांच्या वर जाता येत नाही आणि तीन पदरी रस्त्याच्या सर्वांत उजव्या पदरात शिरता येत नाही. त्यामुळे पोचायला दुपार उलटली. जंगलाच्या हद्दीवर रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी लागली. जनावरांचे खूर तिच्यावर ठरत नाहीत, म्हणून ती बाहेर जात नाहीत. जाळीपलीकडे वेग आणखी कमी. दहा मिनिटांत कारण समोर आले. एक घोडी आपल्या शिंगरासह रस्त्याच्या मधोमध उभी होती. कोणी हॉर्न वाजवला नाही. ती हलेपर्यंत सगळे थांबले.

नाव 'नवे जंगल' असले तरी ते फार जुने आहे. राजा पहिला विल्यम याने १०७९ मध्ये शिकारीसाठी ते राखून ठेवले. २००५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. तरीही आसपासच्या रहिवाशांचे चराईचे जुने हक्क शाबूत आहेत. हजारो तट्टे आणि गाई तिथे मोकळ्या चरतात, आणि प्रत्येक जनावराला मालक असतो. शरद ऋतूत डुकरे सोडतात ती ओकची फळे खायला, कारण ती कच्ची फळे तट्टांना बाधतात. हे हक्क सांभाळायला लिंडहर्स्ट गावात 'व्हर्डरर' मंडळींचे स्वतंत्र न्यायालय आहे. आमच्याकडच्या गायरानाची आठवण होऊन अम्मी म्हणाल्या, "राजा गेला, पण गुरांचा हक्क ठेवला. हे बरं केलं."

आमचा तळ ब्रोकनहर्स्ट गावाजवळ, ओकच्या दाट झाडीत होता. इंग्लंडमध्ये वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. डार्टमूरसारखा अपवाद सोडला तर जमीनमालकाची परवानगी लागते, म्हणून लोक अशा राखीव तळांवर उतरतात. एका कुटुंबाचा तंबू आणि दुसऱ्याचा यांत सहा मीटर अंतर ठेवतात, म्हणजे एकाची आग दुसऱ्याकडे जात नाही. आमच्या तळावर विजेची जोडणी नव्हती, दिवे कॅराव्हॅनच्या बॅटरीवर. संडास आणि गरम पाण्याच्या न्हाण्या पन्नास पावलांवर, स्वच्छ. रात्री गलका नाही, गाणी नाहीत. फोनला रेंज यायची ती एका ठरावीक झाडाखाली. पुतण्या पहिल्या संध्याकाळी त्या झाडापाशी चार वेळा गेला, दुसऱ्या दिवशी एकदा.

पाणी मात्र आपणच आणायचे. चाळीस लिटरचे एक प्लास्टिकचे पिंप असते. नळावर भरायचे आणि जमिनीवरून लोळवत आणायचे. वापरलेले पाणी दुसऱ्या डब्यात साठते, ते ठरलेल्या मोरीतच ओतायचे, झाडाखाली नाही. सात माणसांत पहिले पिंप संध्याकाळपर्यंत संपले. पुतण्या दुसऱ्यांदा पिंप लोळवत आला तेव्हा घामाघूम झाला होता. त्या दिवसापासून अम्मींनी वुजूचे पाणी मोजून द्यायला सुरुवात केली. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण दोन ओंजळी पाण्यात वुजू करत, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मुंबईत नळ सोडून वुजू करताना ती कधी आठवत नाही. तिथे एका लोट्यात दोघांचे वुजू झाले आणि कोणाचे काही अडले नाही.

मगरिब साडेआठच्या सुमारास होती. अम्मींनी गवतावर मुसल्ला अंथरला तो मावळतीकडे तोंड करून. अख्खे आयुष्य पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेली बाई. पुतण्या धावत आला, "दादी, ये नहीं, वो," म्हणत त्याने मुसल्ला जवळजवळ उलटा फिरवला. इंग्लंडमधून मक्का आग्नेयेला येते. आपला सूर्य पाठीशी ठेवून नमाज पढताना अम्मींना पहिल्यांदा चुकल्यासारखे वाटले, तसे त्या बोलूनही दाखवल्या. आपण कोकणी बहुतेक शाफई, त्यामुळे प्रवासात कसर होती आणि जोहर-असर, मगरिब-इशा जोडून पढायची सवलत होती. उन्हाळ्यात तिथे इशाला रात्रीचे दहा वाजून जातात, तेव्हा ही सवलत किती मोठी आहे ते कळते. (वाचकांनी आपापल्या मसलकाप्रमाणे मौलानांना विचारून घ्यावे.)

शेजारच्या तंबूत एक वृद्ध जोडपे आणि त्यांचा थोराड कुत्रा होता. आम्ही मुसल्ले अंथरताना पाहिल्यावर त्या गृहस्थांनी काही न विचारता कुत्र्याला तंबूच्या पलीकडे बांधले. दुसऱ्या सकाळी भाभींनी तांदळाचे घावन केले, त्यांतले चार आमच्या मुलीच्या हाती पाठवले. ताटली धुऊन परत आली, तिच्यात त्यांनी वेचलेल्या ब्लॅकबेरी होत्या.

न्याहरीच्या वेळी एक तट्टू सरळ आमच्या टेबलाशी आले. मुलगी पाव पुढे करणार तोच पुतण्याने तिचा हात धरला. तिथे तट्टांना खाऊ घालणे आणि कुरवाळणे २०२३ पासून मना आहे, शंभर पौंडांपर्यंत दंड होतो. खाऊ मिळतो म्हटल्यावर जनावर रस्त्यावर येते आणि गाडीखाली सापडते. आपल्या अन्नाने त्याच्या पोटात कळ उठते, ती त्याच्या जिवावर बेतू शकते. मुलगी हिरमुसली. अम्मी तिला म्हणाल्या, "बेजबान जनावर आहे. त्याला सांगता येत नाही, म्हणून आपण जपायचं."

दुपारी गावातले सेंट निकोलस चर्च पाहायला गेलो. अंगणात हजार वर्षांहून जुना यू वृक्ष आहे. त्याच्या पुढे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी, बहुतेक न्यूझीलंडच्या. युद्धाच्या सुरुवातीला ब्रोकनहर्स्टमध्ये जखमी हिंदी सैनिकांसाठी लेडी हार्डिंग रुग्णालय होते. त्या रुग्णालयात झाडूकाम करणारा सुखा नावाचा बरेलीचा माणूस १२ जानेवारी १९१५ रोजी वारला. वय तीस. असे सांगतात की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचे दहन केले नाही, आणि तो मुसलमान नसल्याने वोकिंगला, जिथे मुस्लिम सैनिकांना दफन करीत, तिथेही त्याला जागा मिळाली नाही. शेवटी इथल्या पाद्रींनी आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. तो ख्रिस्ती नव्हता हे त्या दगडावर स्पष्ट लिहिले आहे, त्याच्या मोहल्ल्याचे नावही आहे.

पुतण्या इंग्रजी वाचत होता, आम्ही अम्मींना मराठीत सांगत होतो. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, "याच्या आईला कधी कळलं असेल का, आपला मुलगा कुठे झोपलाय ते?"

त्या रात्री पाऊस आला. अकराच्या सुमारास तंबू एका शिवणीतून गळू लागला आणि आम्ही तिघे अंथरुणे घेऊन कॅराव्हॅनमध्ये शिरलो. सात माणसे, गुडघ्याला गुडघा. मुलगी भाभींच्या मांडीवर झोपली. थंडी वाजू लागली तेव्हा आमच्यापैकी एकाने कोळशाची शेगडी आत आणायची गोष्ट काढली. भाईजान ओरडलेच. बंद तंबूत किंवा कॅराव्हॅनमध्ये शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेले माणूस उठतच नाही. विझल्यासारखे दिसणारे निखारेही तेच करतात. म्हणून एकेक घोंगडी जास्त गुंडाळून बसलो आणि चहा केला.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. अम्मी म्हणाल्या, "गावच्या घरी पडवीत असाच आवाज येतो." कोणी काही बोलले नाही. मग त्यांनीच विषय काढला, जो आम्ही तीन वर्षे त्यांच्यासमोर टाळत होतो.

"तुम्ही दोघं फोनवर भांडता ते मला कळतं. मला ऐकू कमी येतं, पण इतकं कमी नाही. घर तुमचं आहे, विका. पण मला एक सांगा. तुमच्या अब्बांच्या शेजारी मला जागा हवी. घर विकलंत तर माझा जनाजा कुठून निघणार? मुंबईच्या लिफ्टमधून?"

भाईजान खाली बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अम्मी, मी तिथे राहत नाही, छप्पर दरवर्षी गळतं, पैसे पाठवले तरी काम होतं की नाही कळत नाही. मला त्याची लाज वाटते. म्हणून विकू म्हणतो." हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते. विकायचे म्हणजे भाईजानना पैसा हवा, असे आम्ही धरून चाललो होतो. फोन ठेवता येतो, पण त्या डब्यातून उठून जायला जागाच नव्हती, बाहेर पाऊस होता. दोनपर्यंत बोलत बसलो. काही कडूही बोलले गेले. फजरला पाऊस थांबला होता. ओल्या गवतावर प्लास्टिक अंथरून भाईजानने इमामत केली. झाडीत कुठेतरी घुबड बोलत होते.

जाण्याआधी तळाचा नियम असा की आलात तशी जागा सोडायची. कचरा वेगवेगळा करून टाकला, संडासाची टाकी ठरल्या जागी रिकामी केली, तंबूचा एकेक खिळा मोजला. बारावा सापडेना, तो अम्मींनी काठीने गवत सारून शोधला. "अमानत आहे," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जनावराच्या पायात जाईल."

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-भावंडे इंग्लंडमध्ये आहेत. कधी गेलात तर दोन रात्री तरी अशा तळावर काढा. जागा आधी राखून ठेवा, शाळांच्या सुट्टीत ती लवकर भरते. हलाल मटण शिजवून, गोठवून घरूनच न्या. बरोबर लोटा, होकायंत्र, ओल्या जमिनीवर अंथरायला प्लास्टिक आणि ऑगस्टमध्येही स्वेटर असू द्या. उंच गवतातून फिरून आलात की मुलांचे पाय आणि काखा तपासा. तिथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. गोचीड दिसलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. म्हाताऱ्या माणसांसाठी संडासाजवळची जागा मागून घ्या. आणि तंबू नेण्यापूर्वी एकदा घरी त्याच्यावर पाणी ओतून बघा. आम्ही बघितले नव्हते, आणि आता वाटते तेच बरे झाले.

घराचा कागदोपत्री काहीच निकाल लागलेला नाही. पण अम्मी आहेत तोवर ते विकायचे नाही, एवढे ठरले. या मे महिन्यात कौले उतरवून नवे वासे घातले. भाईजानना रजा मिळाली नाही, पण पुतण्याला त्यांनी एकट्याला पाठवले. पहिल्या दिवशी त्याने अंगणात उभे राहून विचारले, "दादी, यहाँ किबला किधर है?" अम्मींनी त्याचे खांदे धरून त्याला मावळतीकडे वळवले.