पंडित, चंद्रकांत
(३० सप्टेंबर १९६१ –       ). भारतीय क्रिकेटपटू व विख्यात क्रिकेट-प्रशिक्षक. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून त्यांनी १९८६ ते १९९२ या काळात भारताचे प्रतिनिधित्व केले. तथापि त्यांची ख्याती मुख्यतः प्रशिक्षक म्हणून आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई (२००२-०३, २००३-०४ व २०१५-१६), विदर्भ (२०१७-१८ व २०१८-१९) आणि मध्य प्रदेश (२०२१-२२) या तीन संघांनी मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकला. त्यांपैकी विदर्भ व मध्य प्रदेश यांचे हे पहिलेच विजेतेपद होते. तीन भिन्न संघांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्याची ही कामगिरी भारतीय क्रिकेटच्या इतिहासात असामान्य ठरते.

त्यांचा जन्म मुंबई येथे झाला. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली त्यांनी क्रिकेटचे धडे घेतले. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, बलविंदरसिंग संधू, अमोल मुजुमदार इ. खेळाडू याच परंपरेतले. आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री हा किताब लाभला. कठोर शिस्त, रोजचा अखंड सराव आणि प्रत्यक्ष सामने खेळण्यावर भर ही त्यांच्या शिकवणुकीची वैशिष्ट्ये होती. पंडितांच्या पुढील कार्यपद्धतीची मुळे या संस्कारांत आढळतात.

मुंबईच्या संघातून त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्स येथील कसोटी सामन्यात त्यांना प्रथम संधी मिळाली. किरण मोरे हे त्या काळी भारताचे प्रमुख यष्टिरक्षक असल्यामुळे पंडितांना संघात स्थिर स्थान मिळू शकले नाही. त्यांच्या वाट्यास केवळ ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने आले. शेवटची कसोटी ते १९९२ मध्ये ॲडिलेड येथे खेळले. १९८७ च्या विश्वचषक स्पर्धेतील भारतीय संघात त्यांचा समावेश होता. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मात्र त्यांनी ८,००० हून अधिक धावा आणि २२ शतके काढली. कारकीर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडून खेळू लागले व त्या संघाचे कर्णधार झाले.

त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाने १९९८-९९ च्या रणजी स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. बंगलोरच्या (आताचे बंगळूरु) चिन्नास्वामी क्रीडागारात कर्नाटकाविरुद्ध झालेल्या या सामन्यात मध्य प्रदेशाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळविली होती. रणजी स्पर्धेच्या नियमांनुसार अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. साहजिकच अखेरच्या दिवशी मध्य प्रदेशाला २४७ धावांचे लक्ष्य गाठणे आवश्यक नव्हते. दिवस खेळून काढला असता तरी करंडक त्यांचाच होता. परंतु विजय भारद्वाज यांच्या फिरकी गोलंदाजीपुढे संघाचा डाव १५० धावांत आटोपला आणि कर्नाटकाने ९६ धावांनी सामना जिंकला. हाती आलेला करंडक अशा रीतीने निसटल्याचे शल्य पंडितांच्या मनात दीर्घकाळ राहिले.

प्रशिक्षकाचे स्थान : पंडितांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी क्रिकेटमधील प्रशिक्षकाचे स्थान लक्षात घेणे इष्ट ठरेल. अमेरिकन फुटबॉलसारख्या खेळात प्रत्येक चालीची आखणी मुख्य प्रशिक्षक करतो व सामना चालू असतानाही संघाची सूत्रे बहुतांशी त्याच्याच हाती असतात. ग्रीन बे पॅकर्स या संघाला सात वर्षांत पाच वेळा विजेतेपद मिळवून देणारे व्हिन्स लोंबार्डी (१९१३–७०) यांचे नाव त्या खेळाच्या सर्वोच्च करंडकालाच देण्यात आले आहे. क्रिकेटमध्ये याच्या उलट स्थिती आहे. मैदानावरील निर्णय कर्णधाराचे असतात. गोलंदाजीतील बदल, क्षेत्ररचना, डाव घोषित करणे या बाबींत प्रशिक्षकाला प्रत्यक्ष अधिकार नसतो. सामन्यापूर्वीची तयारी, संघाची निवड, खेळाडूंची मनोरचना व दोन सत्रांच्या मधला सल्ला एवढेच त्याचे कार्यक्षेत्र होय. भारतात तर दीर्घकाळपर्यंत प्रशिक्षक म्हणजे मुलांना फलंदाजी-गोलंदाजी शिकविणारा शिक्षक अशीच समजूत होती. भारतीय संघाला २००० मध्ये जॉन राइट यांच्या रूपाने पहिला परदेशी प्रशिक्षक लाभला. त्यानंतरच्या काळात राज्य संघांतही पूर्ण वेळ, सवेतन व उत्तरदायी प्रशिक्षकाची प्रथा दृढ झाली. पंडितांची कारकीर्द या स्थित्यंतराच्या काळात घडली.

मुंबई : त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३ व २००३-०४ या लागोपाठच्या दोन वर्षी अंतिम सामन्यात तमिळनाडूवर मात केली. पुढे ते पुन्हा मुंबईचे प्रशिक्षक झाले, तेव्हा २०१५-१६ मध्ये आदित्य तरे यांच्या नेतृत्वाखाली संघाने पुणे येथे सौराष्ट्राला एक डाव व २१ धावांनी हरवून ४१ वे विजेतेपद मिळविले. श्रेयस अय्यर यांनी त्या मोसमात १,३२१ धावा केल्या. पुढील वर्षी इंदूर येथील अंतिम सामन्यात गुजरातकडून मुंबईचा पराभव झाला आणि पंडितांचा मुंबईशी असलेला संबंध संपुष्टात आला. मुंबईसारख्या संघात विजय हीच अपेक्षा असते. त्यामुळे तेथील यशाचे श्रेय प्रशिक्षकाला क्वचितच दिले जाते. त्यांच्या कौशल्याची खरी कसोटी यानंतर लागली.

विदर्भ : विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळत होता, परंतु साठ वर्षांत त्याने एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे. तथापि त्यांचे कर्तृत्व मुख्यतः होळकर संघाच्या रूपाने इंदुरास फळाला आले. बुलढाण्यापासून वैनगंगेच्या खोऱ्यातील पवनी-लाखांदूरपर्यंत पसरलेल्या या प्रदेशात क्रिकेटची साधने दीर्घकाळ नागपुरातच एकवटली होती. विदर्भ क्रिकेट संघटनेने अकादमी व वयोगटांच्या संघांची उभारणी करून पाया घातला होता. वसीम जाफर व गणेश सतीश यांसारखे अनुभवी खेळाडूही बाहेरून आणले होते. उणीव होती ती आपण जिंकू शकतो या विश्वासाची.

पंडित २०१७ मध्ये या संघाचे प्रशिक्षक झाले. फैज फजल हे कर्णधार, तर सुब्रोतो बॅनर्जी हे गोलंदाजीचे मार्गदर्शक होते. २०१७-१८ च्या मोसमात विदर्भाने एकही सामना गमावला नाही. कोलकाता येथील उपांत्य सामन्यात कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या असताना तो संघ १९२ धावांत बाद झाला व विदर्भाने अवघ्या ५ धावांनी विजय मिळविला. रजनीश गुरबानी या अभियांत्रिकीच्या पदवीधर द्रुतगती गोलंदाजाने त्या सामन्यात १२ बळी घेतले. इंदूर येथे २९ डिसेंबर २०१७ पासून दिल्लीविरुद्ध अंतिम सामना झाला. त्यात गुरबानींनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन फलंदाज त्रिफळाचीत केले; रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम यापूर्वी केवळ तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी १९७२-७३ मध्ये केला होता. अक्षय वाडकर यांनी प्रथम श्रेणीतील आपले पहिले शतक (१३३) याच सामन्यात झळकाविले. दिल्लीच्या २९५ धावांना विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले आणि १ जानेवारी २०१८ रोजी ९ गडी राखून करंडक जिंकला.

हे यश योगायोगाचे नव्हते, हे पुढील वर्षी सिद्ध झाले. नागपूरजवळील जामठा येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये झालेल्या अंतिम सामन्यात विदर्भाने सौराष्ट्रावर ७८ धावांनी मात केली. डावखुरे फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे यांनी ११ बळी घेतले. चाळिशी ओलांडलेल्या जाफर यांनी त्या मोसमात हजाराहून अधिक धावा केल्या. दोन्ही वर्षी शेष भारत संघाविरुद्धचा इराणी करंडकही विदर्भाने पहिल्या डावातील आघाडीवर जिंकला.

मध्य प्रदेश : २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. कोविड महासाथीमुळे २०२०-२१ ची रणजी स्पर्धा होऊ शकली नाही. पुढील मोसमाचा अंतिम सामना जून २०२२ मध्ये बंगळूरुच्या चिन्नास्वामी क्रीडागारातच झाला व प्रतिस्पर्धी होता मुंबईचा संघ. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार हेही आचरेकरांचेच शिष्य. व्यंकटेश अय्यर व आवेश खान हे मध्य प्रदेशाचे दोन प्रमुख खेळाडू भारतीय संघात असल्यामुळे उपलब्ध नव्हते. सर्फराज खान यांच्या शतकाच्या बळावर मुंबईने ३७४ धावा केल्या. मध्य प्रदेशाकडून यश दुबे (१३३), शुभम शर्मा (११६) व रजत पाटीदार (१२२) यांनी शतके काढून ५३६ धावांचा डोंगर उभा केला. दुसऱ्या डावात मुंबईला २६९ धावांत रोखून आदित्य श्रीवास्तव यांच्या संघाने ६ गडी राखून विजय मिळविला. ज्या मैदानावर तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून त्यांनी करंडक गमावला, तेथेच प्रशिक्षक म्हणून तो मिळविला. विजयानंतर त्यांना अश्रू आवरले नाहीत. होळकर संघाच्या १९५२-५३ मधील अखेरच्या विजयानंतर इंदूरच्या क्रिकेट-परंपरेला लाभलेले हे पहिलेच विजेतेपद होय.

कार्यपद्धती : पंडितांच्या पद्धतीत वेळेचे कडक पालन, मोसमापूर्वीची प्रदीर्घ सराव-शिबिरे, क्षेत्ररक्षणावरील भर आणि नामवंत व नवोदित यांना एकच नियम, ही प्रमुख अंगे दिसतात. प्रत्येक खेळाडूचे संघातील नेमके काम ते आधीच ठरवून देतात. मोबदला म्हणून ते संघटनेकडून संघविषयक निर्णयांत मोकळीक मागतात व अपयशाचे उत्तरदायित्वही स्वीकारतात. विदर्भ व मध्य प्रदेश यांच्याकडे मुंबईइतके नामांकित फलंदाज नव्हते. परंतु दीर्घ काळ एकाग्रतेने खेळून प्रतिस्पर्ध्याला थकविण्याची क्षमता त्यांनी या संघांत निर्माण केली. दोन्ही संघांच्या पहिल्या विजेतेपदाच्या सामन्यांत पाचशेहून अधिक धावांचा एक डाव आढळतो, तो याच शिकवणुकीचा परिणाम मानता येईल.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये ते इंडियन प्रीमियर लीगमधील कोलकाता नाइट रायडर्स या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. निरनिराळ्या देशांचे व्यावसायिक खेळाडू तेथे अवघे दोन महिने एकत्र येतात. पंडितांची शिस्त त्यांतील काही परदेशी खेळाडूंना जाचक वाटल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये हा संघ सातव्या स्थानावर राहिला. २०२४ मध्ये मात्र गौतम गंभीर हे मार्गदर्शक व श्रेयस अय्यर हे कर्णधार असताना कोलकात्याने चेन्नई येथील अंतिम सामन्यात सनरायझर्स हैदराबादला ८ गड्यांनी हरवून तिसरे विजेतेपद मिळविले. त्या यशाचे श्रेय या तिघांत कसे वाटावे, यावर मतभेद आहेत. २०२५ मध्ये संघ पुन्हा खालच्या क्रमांकावर घसरला व जुलै २०२५ मध्ये पंडितांनी ते पद सोडले.

प्रशिक्षकाचे कार्य तो गेल्यानंतर किती टिकते, यावरही त्याचे मूल्यमापन अवलंबून असते. पंडित गेल्यानंतर विदर्भाचा संघ काही काळ मागे पडला. परंतु २०२३-२४ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि मार्च २०२५ मध्ये नागपूर येथे केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा विजेता ठरला. त्या वेळी प्रशिक्षक उस्मान गनी हे विदर्भातीलच होते व कर्णधार होते २०१८ च्या अंतिम सामन्यातील शतकवीर अक्षय वाडकर. हर्ष दुबे या तरुण डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने त्या मोसमात ६९ बळी घेऊन रणजी स्पर्धेत नवा उच्चांक प्रस्थापित केला. महानगरांबाहेरचा संघही शिस्तबद्ध तयारीच्या बळावर राष्ट्रीय विजेता होऊ शकतो, हे पंडितांनी सिद्ध केले. आणि त्यांच्यावाचूनही विदर्भाला ते पुन्हा साधले, यातच त्यांच्या कार्याची फलश्रुती दिसते.