मोटारीचे इंजिन अचानक बंद पडणे

चालकाने किल्ली फिरवलेली नसताना आणि क्लच सोडण्यात चूक झालेली नसताना चालू मोटारीचे इंजिन थांबणे, याला इंजिन अचानक बंद पडणे असे म्हणतात. गाडी मुळातच सुरू न होणे हा वेगळा दोष आहे. त्यात बॅटरी, स्टार्टर किंवा त्यांच्या जोडण्या आधी तपासतात. सुरू झालेली गाडी बंद पडते तेव्हा या गोष्टी बहुधा शाबूत असतात आणि कारण दुसरीकडे शोधावे लागते. गॅरेजमध्ये "गाडी बंद पडली" हे एकच वाक्य दोन्ही प्रकारांसाठी वापरले जाते, त्यामुळे तपासाची सुरुवातच पुष्कळदा चुकीच्या टोकाने होते.

सिग्नलपाशी उभी असताना आपोआप बंद होणारी आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होणारी नवी गाडी या व्याख्येत बसत नाही. इंधन वाचवण्यासाठी केलेली ती योजना आहे.

इंजिन चालू राहण्याच्या अटी

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला हवा, इंधन, ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब या चार गोष्टी लागतात, आणि त्या नेमक्या क्षणी मिळाव्या लागतात. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा दाबल्यामुळे निर्माण झालेल्या उष्णतेनेच इंधन पेटते.

गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. चार सिलिंडरचे इंजिन ८०० फेऱ्यांवर असेल, तर त्यात सेकंदाला सुमारे २७ वेळा ज्वलन होते. या संथ गतीत फिरत्या भागांमधील साठलेली ऊर्जा फार थोडी असते. सलग काही ज्वलने हुकली, तर इंजिन स्वतःला ओढू शकत नाही. वेगात मात्र तेवढ्याच चुकांनी फक्त गचका बसतो. थ्रॉटलवर साचलेली काजळी, हवेच्या नळीला गेलेली बारीक चीर, उघडाच अडकून राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा झिजलेले स्पार्क प्लग हे दोष म्हणूनच महामार्गावर लपून राहतात आणि सिग्नलला उघडे पडतात. अशा वेळी "स्लो वाढवून घेण्याचा" जुना उपाय दोष झाकतो, काढत नाही.

निदानातील मुख्य प्रश्न

या दोषाची मोठी अडचण अशी, की गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत तो नाहीसा झालेला असतो. नाशिकहून मुंबईकडे निघालेली गाडी घोटीजवळ बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते आणि मेकॅनिकसमोर निर्दोष चालते. मग अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. आधी प्लग, मग पंप, मग कॉइल. "कोणता भाग बिघडला?" या प्रश्नाच्या आधी "गाडी नेमकी केव्हा आणि कशी बंद पडते?" हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर फक्त चालकच देऊ शकतो.

या संदर्भात एक लोककथा जगभर सांगितली जाते. मोटार कंपनीला एक ग्राहक तक्रार कळवतो, की व्हॅनिला आइस्क्रीम आणले तरच आपली गाडी परतताना सुरू होत नाही. दुसऱ्या कोणत्याही स्वादाचे आणले तर होते. पाठवलेला अभियंता प्रत्येक फेरीची वेळ टिपतो. जास्त खपणारे व्हॅनिला दुकानाच्या दारापाशीच ठेवलेले असल्याने ते लवकर मिळते, आणि इंजिन थंड व्हायला वेळ न मिळाल्याने इंधनाच्या नळीत वाफ अडकून राहते. गोष्ट खरी असल्याचा पुरावा नाही. पण तिच्यातील तपासाची पद्धत बरोबर आहे. ग्राहकाचा तर्क हास्यास्पद होता, त्याचे निरीक्षण मात्र अचूक होते.

गोष्टीतील दोषाला वाफकोंडी म्हणता येईल, आणि तो नाशिककरांच्या एका पिढीच्या ओळखीचा आहे. कसारा ते इगतपुरी हा चढ सुमारे ३०० मीटरचा आहे. मे महिन्याच्या दुपारी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर तो चढू लागली, की इंजिनालाच बसवलेला इंधनपंप तापे, पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि कार्ब्युरेटरपर्यंत द्रव पेट्रोल पोहोचत नसे. पंपावर ओले फडके ठेवणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय होता आणि तो शास्त्रशुद्धही होता. घाट चढून आल्यावर घाटनदेवीच्या मंदिरापाशी थांबण्याच्या वाहनचालकांच्या प्रथेमुळे इंजिनालाही विश्रांती मिळत असे, हा भाग वेगळा. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन पद्धती आल्यावर पंप टाकीत गेला, नळीतील दाब वाढला आणि हा दोष जवळपास संपला. तरीही उन्हाळ्यात बंद पडलेल्या आधुनिक गाडीच्या बॉनेटखाली ओले फडके टाकणारे हितचिंतक आजही भेटतात.

बंद पडण्याची रीत

इंजिन कसे थांबते यावरून कारणाचा गट बराचसा ओळखता येतो. बटण दाबून दिवा विझवावा तसे ते एका क्षणात थांबले, तर संशय विजेच्या बाजूवर जातो. आधी ओढ कमी होऊन, दोनचार गचके खाऊन ते थांबले, तर इंधन कमी पडले असण्याचा संभव अधिक असतो. बॅटरीचा लाल दिवा लागणे, दिवे मंद होणे आणि स्टिअरिंग जड लागणे ही लक्षणे बंद पडण्याच्या आधी दिसली असतील, तर अल्टरनेटर वीज देत नव्हता आणि बॅटरी संपेपर्यंतच गाडी चालली, असे समजावे.

गरम झाल्यावर एकाएकी बंद पडणारी आणि २०–३० मिनिटांनी निमूटपणे सुरू होणारी गाडी हा सर्वांत फसवा प्रकार. त्यात क्रँक सेन्सरकडे आधी पाहतात. इंजिनाचा मुख्य दांडा कोणत्या स्थितीत आहे हे हा सेन्सर संगणकाला कळवतो, आणि त्यावरूनच ठिणगी व इंधन यांची वेळ ठरते. सेन्सरच्या वेटोळ्यातील तार झिजलेली असेल, तर तापल्यावर ती प्रसरण पावून तिचा संपर्क तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. संकेत थांबताच संगणक इंजिन फिरतच नाही असे मानतो आणि इंधन तोडतो. गाडी गिअरमध्ये असून चाकांच्या गतीने इंजिन अजून फिरत असताना फेरे दाखवणारा काटा एकदम शून्यावर पडला, तर अनेक गाड्यांत ही या दोषाची चांगली खूण ठरते. मात्र मेकॅनिककडे पोहोचेपर्यंत थंड झालेला सेन्सर मोजणीत उत्तम निघतो.

इतर काही प्रसंगही बोलके असतात. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात हिवाळी पहाटे पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो. अशा वेळी सुरू होऊन लगेच बंद पडणारी गाडी दहा मिनिटांनी ठीक चालत असेल, तर तापमान मोजणारा सेन्सर इंजिन गरम असल्याचे खोटे सांगत असावा आणि थंड इंजिनाला लागणारे जादा इंधन मिळत नसावे. सुरू होऊन दोन सेकंदांतच, दर वेळी त्याच ठिकाणी बंद पडत असेल, तर चोरीविरोधी यंत्रणेला किल्ली ओळखता येत नाही असा संशय घ्यावा. पेट्रोलवर बरी चालणारी गाडी सीएनजीवर मिसिंग करून बंद पडत असेल, तर प्लग आणि कॉइल आधी पाहावेत, कारण सीएनजी पेटवायला जास्त दाबाची वीज लागते आणि त्यांचा अशक्तपणा आधी तेथेच दिसतो. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी पूर्ववत होत असेल, तर दोष टाकीला हवा देणाऱ्या मार्गात आहे आणि खर्च नगण्य आहे.

डिझेल गाडीत इंधनमार्गात हवा शिरणे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत "एअर पकडणे", आणि फिल्टर तुंबणे ही नेहमीची कारणे. सातपूर औद्योगिक वसाहतीतील बॉशच्या, म्हणजे जुन्या मायकोच्या, कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. त्यांच्या अतिसूक्ष्म छिद्रांमुळे फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळच्या वेळी काढणे किती आवश्यक आहे, हे या शहराला निराळे सांगायला नको.

इंधनाचा कस

अनुदानित रॉकेल स्वस्त होते त्या काळात पेट्रोल-डिझेलमधील त्याची भेसळ हे महाराष्ट्रात इंजिन बिघडण्याचे मोठे कारण होते. रॉकेलमिश्रित पेट्रोलाचा ऑक्टेन अंक घटतो, ज्वलन अपुरे होते, प्लगवर आणि इंजिनात काजळी साचते. गाडी काही किलोमीटरांनी मिसिंग करू लागते आणि दोष मात्र गाडीवर ढकलला जातो. या भेसळीमागचा व्यवहार किती निर्घृण होता, हे नाशिक जिल्ह्यानेच पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनचोरी आणि भेसळीचा प्रकार उघडकीस आणला, तेव्हा त्यांना तेथेच जिवंत जाळण्यात आले. पुढे रॉकेलवरील अनुदान आटत गेले आणि त्या भेसळीतील नफाही.

आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात, आणि पंप नेमका तळातूनच इंधन ओढतो. जुन्या गाडीत इथेनॉलमुळे टाकीतील साचलेला मळ सुटून फिल्टर तुंबण्याचीही शक्यता असते. गाडी पंपावरून निघाल्यानंतर थोड्याच अंतरावर बंद पडली, तर इंधन कोठे व केव्हा भरले याची पावती जपून ठेवावी. टाकीतला पंप सभोवतीच्या इंधनानेच थंड राहत असल्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय त्याचे आयुष्य कमी करते. दोष कधी मुळातला असतो. एप्रिल २०२१ मध्ये होंडाने भारतातील ७७,९५४ गाड्या इंधनपंप बदलण्यासाठी परत बोलावल्या, कारण पंपातील पंख्याच्या दोषामुळे इंजिन बंद पडण्याचा संभव होता.

चालत्या गाडीतील धोका

इंजिन थांबले तरी ब्रेक निकामी होत नाहीत, पण त्यांना मिळणारी मदत संपते. बहुतेक गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी इंजिन चालू असतानाच भरते. इंजिन थांबल्यावर साठ्यात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरतेच बळ उरते. त्यानंतर पेडल दगडासारखे लागते. म्हणून अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच जोराने आणि सलग दाबावा. स्टिअरिंगही जड होऊ शकते, पण वळते. किल्ली मात्र गाडी पूर्ण थांबेपर्यंत काढू नये, नाहीतर स्टिअरिंग कुलूपबंद होईल.

कसारा घाट उतरताना इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय या दृष्टीने जिवावर बेतणारी आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन फक्त स्वतःच्या संथ गतीवर चालते, म्हणजे बंद पडण्याची शक्यता तेथे सर्वाधिक, आणि पडल्यास चाके ते फिरवत ठेवत नाहीत. गिअरमध्ये असताना चाकेच इंजिन फिरवतात. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की संगणक इंधन पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते द्यावेच लागते. बचतीचा हिशेबच उलटा आहे.

इंजिन बंद पडणे ही केवळ गैरसोय आहे, असे मानण्याची चूक मोठ्या कंपनीकडूनही झाली आहे. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचे स्विच इतके सैल होते, की जड किल्लीजुडग्याच्या ओझ्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने ते फिरून इंजिन बंद पडे, आणि एअरबॅगही निष्क्रिय होत. कंपनीच्या अभियंत्यांनी अनेक वर्षे या तक्रारी सुरक्षिततेच्या नव्हे, तर सोयीच्या सदरात टाकल्या. इ.स. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि नंतरच्या भरपाई योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले.

संगणकातील नोंदी

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या मोटारींत दोषांची नोंद ठेवणारी ओबीडी-२ प्रणाली असते. स्टिअरिंगखालील सॉकेटला स्कॅनर जोडला, की दोषाचा संकेतांक मिळतो. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या मंडलाचा. संकेतांक मंडलाकडे बोट दाखवतो, भागाकडे नव्हे. तुटलेली वायर, गंजलेला कनेक्टर आणि बिघडलेला सेन्सर तिन्हींसाठी तोच आकडा येतो. त्याहून उपयोगी असते ती दोष नोंदला गेला त्या क्षणाची स्थिती: वेग, फेरे, तापमान. "रिसेट" करण्यासाठी बॅटरीची तार काढून पुन्हा लावण्याचा लोकप्रिय उपाय अनेक गाड्यांत नेमका हाच पुरावा पुसून टाकतो. स्कॅनर लावण्याआधी बॅटरीला हात लावू नये.

पाण्यात बंद पडलेले इंजिन

इगतपुरी-त्र्यंबक भागातील पावसात किंवा गोदावरीच्या पुरात सापडलेल्या गाडीला वरील काहीच लागू होत नाही. इ.स. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत नाशिकचा गोदाघाट पाण्याखाली गेला होता. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन थांबले असेल, तर पाणी हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये गेले असण्याची शक्यता असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पुन्हा स्टार्टर मारला, की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून सुरू करण्याचाही परिणाम तोच. गाडी ओढून बाहेर काढून, प्लग किंवा इंजेक्टर सोडून, सिलिंडर रिकामे केल्यावरच इंजिन फिरवावे लागते. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करताना झालेली मोडतोड साधारण मोटार विम्यात धरली जात नाही. तिच्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.