फोटोत न दिसणारी व्हीलचेअर

दोन महायुद्धांच्या मधल्या अमेरिकेवर सिनॉप्सिस लिहायला बसलात, विषय प्रसारमाध्यमं आणि राजकारण असा काही असला, की एक वाक्य अगदी सहज लिहून होतं: 'राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं अपंगत्व वृत्तपत्रांनी जनतेपासून लपवलं.' पुरावा काय? तर त्या काळातले फोटो. हजारो फोटो आहेत आणि व्हीलचेअर जवळजवळ कुठेच दिसत नाही. वाक्य आकर्षक आहे, पण व्हायवाला एखादा जाणकार परीक्षक समोर आला तर दहा मिनिटांत ते कोसळेल. ते का कोसळेल हे नीट समजून घेतलं, तर जुना वृत्तफोटो पुरावा म्हणून कसा वापरायचा हेही बरंचसं कळतं. म्हणून आज हे एकच उदाहरण घेऊ.

आधी थोडक्यात माहिती. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी रूझवेल्ट आजारी पडले. डॉक्टरांचं निदान पोलिओ. त्यानंतर त्यांना आधाराशिवाय कधीच चालता आलं नाही. पायांना पोलादी ब्रेसेस, एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या किंवा सहायकाच्या दंडावर, अशी पावलं ते टाकायचे. ब्रेसेस काळ्या रंगवलेल्या, म्हणजे काळे बूट आणि लांब पँट यांत त्या मिसळून जाव्यात. या अवस्थेत ते आधी न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले आणि मग चार वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले.

ह्यू गॅलघर यांनी, जे स्वतः पोलिओग्रस्त होते, १९८५ च्या आपल्या पुस्तकात एक आकडा दिला आणि तो तेव्हापासून सगळीकडे फिरतो आहे: हाइड पार्कच्या रूझवेल्ट ग्रंथालयातल्या ३५ हजारांहून जास्त फोटोंपैकी फक्त दोनांत ते व्हीलचेअरवर दिसतात. पुढे अजून थोडे फोटो समोर आले, पण प्रमाण फारसं बदललं नाही.

आता प्रश्न असा की, या आकड्यावरून नेमकं काय सिद्ध होतं?

उत्तराआधी वृत्तफोटो तयार कसा व्हायचा ते बघा. फोटोग्राफर फोटो काढतो, एजन्सी निगेटिव्ह निवडते, कोणीतरी फोटोओळ टाइप करून प्रिंटच्या मागे चिकटवतं. वृत्तपत्राच्या कचेरीत रीटचिंग करणारा माणूस नको असलेली पार्श्वभूमी पांढऱ्या रंगाने झाकतो, संपादक जाड मेणकट पेन्सिलीने कापायच्या रेषा आखतो. छापून झाल्यावर प्रिंट कचेरीच्या फायलीत जाते, आणि काही दशकांनी तिथून एखाद्या ग्रंथालयात. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर येणारी प्रतिमा किमान पाच-सहा जणांच्या हातून गेलेली असते. म्हणूनच प्रिंट असेल तर तिची मागची बाजू स्कॅन झाली आहे का ते आधी शोधा. शिक्का, तारीख, एजन्सीचं नाव, फोटोओळ, सगळं तिथे असतं. माझं तर मत आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्याला मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जास्त कामाची.

आणखी एक गोष्ट. १ जानेवारी १९३५ पासून असोसिएटेड प्रेसने टेलिफोनच्या तारांवरून फोटो पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे एकच फोटो एकाच दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत येऊ लागला. तुम्हाला दहा वृत्तपत्रांत एकच फोटो सापडला तर ते दहा पुरावे नव्हेत. निर्णय एकाच एजन्सीचा आहे, प्रती दहा आहेत. 'सर्व वृत्तपत्रांनी असंच दाखवलं' असं लिहिण्यापूर्वी हे मोजा.

तारखांचा घोळ तर विचारू नका. वॉशिंग्टनच्या हॅरिस अँड युइंग स्टुडिओचा मोठा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे. त्यातल्या कितीतरी व्यक्तिचित्रांपुढे तारीख लिहिलेली आहे 'सन १९०५ ते १९४५ दरम्यान', तीही चौकटी कंसात. हा फोटोचा कालखंड नाही. तो साधारण त्या कंपनीच्या व्यवसायाचा काळ आहे, आणि चौकटी कंसाचा अर्थ असा की ही माहिती कॅटलॉग करणाऱ्याने घातली आहे, मूळ वस्तूवर ती नाही. घाईत तळटीप टाकणारा यातला पहिला आकडा उचलतो आणि एखाद्या सिनेटरचा फोटो सरळ १९०५ चा होऊन बसतो! न्यूयॉर्कच्या बेन न्यूज सर्व्हिसच्या सुमारे ४० हजार काचेच्या निगेटिव्हजचंही तसंच. तिथे शीर्षकाखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की हे एजन्सीच्या न पडताळलेल्या माहितीवरून घेतलं आहे. २००८ मध्ये या संग्रहाचा काही भाग फ्लिकरवर टाकला, तेव्हा सामान्य लोकांनी जुनी वृत्तपत्रं धुंडाळून कितीतरी नावं आणि तारखा दुरुस्त करून दिल्या.

आता रूझवेल्टकडे परत येऊ. व्हीलचेअर न दिसण्याचं एक कारण नियंत्रण होतं, यात वाद नाही. प्रेस सेक्रेटरी स्टीव्ह अर्ली यांचा फोटोग्राफरांसाठी दंडक होता की अध्यक्षांना उचलताना, गाडीतून उतरवताना किंवा व्हीलचेअरवर टिपायचं नाही. कोणी प्रयत्न केलाच तर सीक्रेट सर्व्हिसची माणसं कॅमेऱ्यासमोर उभी राहत, प्रसंगी फिल्म काढून घेत. २७ जून १९३६ च्या रात्री फिलाडेल्फियात, पक्षाची उमेदवारी स्वीकारायला व्यासपीठाकडे जाताना, कवी एडविन मार्कम यांच्याशी हस्तांदोलन करायला वळलेले रूझवेल्ट पडले. ब्रेसचा खटका सुटला, भाषणाचे कागद विखुरले. भोवतीच्या लोकांनी आडोसा केला, त्यांना उभं केलं आणि काही मिनिटांत ते प्रचंड जनसमुदायासमोर बोलत होते. पडण्याच्या त्या क्षणाचा फोटो कुठेही छापून आला नाही.

पण दुसरं कारण अगदी साधं आहे आणि ते बहुतेक वेळा सुटतं. रूझवेल्ट व्हीलचेअरवर फार वेळ बसतच नसत. त्यांची खुर्ची म्हणजे स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीला चाकं लावून बनवलेली, हात नसलेली, अरुंद गोष्ट होती. एका खोलीतून दुसरीकडे जायचं आणि तिथल्या नेहमीच्या खुर्चीवर सरकायचं, एवढाच तिचा उपयोग. टेबलामागचा फोटो काढला तर त्यात ती नसणारच. म्हणजे ३५ हजारांतले दोन या आकड्यात सेन्सॉरचा वाटा किती आणि रोजच्या सवयीचा किती, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही.

शिवाय फोटोत अपंगत्व दिसत नाही हेही पूर्ण खरं नाही. ते फोटो पुन्हा उघडा, फक्त चेहरा सोडून बघा. मुलगा जेम्स शेजारी उभा आहे, त्याच्या दंडावर वडिलांची पकड किती घट्ट आहे? भाषण करताना दोन्ही हात स्टँडच्या कडांवर आहेत का? इतके फोटो उघड्या मोटारीत बसलेले का? एकदा हे दिसायला लागलं की पुन्हा न दिसणं कठीण.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, लिखित साधनं. जुलै १९३१ मध्ये 'लिबर्टी' या साप्ताहिकात अर्ल लुकर यांचा लेख आला, आणि त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता की रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष व्हायला शरीराने सक्षम आहेत का. त्यासाठी तीन डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला रूझवेल्ट तयार झाले होते. ३० जानेवारी १९३४ पासून त्यांच्या वाढदिवशी देशभर नृत्यसमारंभ होऊ लागले, तेही पोलिओग्रस्तांसाठी पैसे उभारायला. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जचं उपचारकेंद्र त्यांनी स्वतः १९२६ मध्ये विकत घेतलेलं होतं. आता सांगा, हे 'लपवलं' कसं म्हणायचं? आजार लोकांना माहीत होता. त्यांना दिसत नव्हता तो रोजचा देह: उचलला जाणारा, ढकलला जाणारा, पडणारा. माहीत असणं आणि दिसणं यांतलं हे अंतर हाच खरा संशोधनप्रश्न आहे, आणि तो फक्त फोटो बघून किंवा फक्त लेख वाचून हाती लागत नाही. दोन्ही शेजारी ठेवावे लागतात.

एजन्सीच्या साखळीबाहेरचं साहित्यही शोधा. रूझवेल्टचा व्हीलचेअरवरचा सर्वांत प्रसिद्ध फोटो, मांडीवर कुत्रा आणि शेजारी लहान मुलगी असलेला, १९४१ चा आहे आणि तो त्यांच्या नात्यातल्या मार्गारेट सकली यांनी खासगीत काढलेला. तर १९३७ च्या ऑल-स्टार बेसबॉल सामन्यात वॉशिंग्टनच्या संघातला पिचर जिमी डिशाँग याने आपल्या घरगुती कॅमेऱ्याने चित्रण केलं. त्यात काही सेकंद रूझवेल्ट आधाराने, ताठ पायांनी चालताना दिसतात. ही फिल्म २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य अभिलेखागाराने लोकांसमोर आणली. बंदी होती ती व्यावसायिक कॅमेऱ्यांवर, आणि आज कामाला आले घरगुती कॅमेरे.

यासाठी वॉशिंग्टनला जायलाच हवं असं नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर बेन, हॅरिस अँड युइंग आणि नॅशनल फोटो कंपनी या संग्रहांतल्या मोठ्या फायली फुकट उतरवता येतात. मात्र तिथल्या 'प्रकाशनावर कोणतेही ज्ञात निर्बंध नाहीत' या ओळीला परवानापत्र समजू नका. पडताळणीची जबाबदारी वापरणाऱ्याचीच राहते. असोसिएटेड प्रेससारख्या एजन्सीचे फोटो प्रबंधात छापायचे असतील तर हक्क कोणाकडे आहेत ते आधी विचारा. आणि उतरवताना निगेटिव्हचा क्रमांक त्याच वेळी फाइलच्या नावात लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तो शोधायला बसलात तर सापडणार नाही.