सूर्यास्त ते सूर्योदय : पाखरांचा कायदा आणि काळोख

राखी तितर दिवसभर माळावर चरतो आणि चाहूल लागली की उडण्याआधी तुरुतुरु पळतो. दिवेलागणीला मात्र तो बाभळी-बोरीसारख्या काटेरी झाडावर चढून बसतो. कोल्ह्या-मुंगसापासून काटे त्याला वाचवतात. विजेरीपासून वाचवत नाहीत. झोत डोळ्यांवर पडला की पाखरू बहुधा जागच्या जागी बसून राहते. मग छऱ्यांचा एक बार पुरतो. अशा शिकारीला कायद्याने कसे अडवले आणि तो अडसर पुढे कुठे गेला, हे आज नीट पाहायला हवे.

रात्रीच्या शिकारीवरचा इंग्लंडमधला गाजलेला कायदा १८२८चा. सूर्यास्तानंतर एका तासाने त्याची रात्र सुरू होई आणि सूर्योदयाच्या एक तास आधी संपे. तिसऱ्यांदा सापडलेल्याला सात वर्षांची सागरापार हद्दपारीही होऊ शके. पण या कडकपणामागे पाखरांची कणव नव्हती. जमीनदाराच्या रानातली शिकार गरिबाने रात्री उचलू नये, एवढाच हेतू होता. पाखराच्या बाजूने विचार पुढे झाला. ब्रिटनच्या १९८१च्या कायद्याने रानपक्षी मारण्यासाठी प्रकाशझोत, डोळे दिपवणारी साधने आणि रात्री नेम धरण्याची उपकरणे निषिद्ध ठरवली, अपवाद परवान्यापुरते.

आपल्याकडे १८८७ आणि १९१२च्या कायद्यांचा भर विणीच्या किंवा बंदीच्या हंगामावर होता. रात्रीचा मुद्दा देशपातळीवर स्पष्ट झाला तो १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात. तेव्हा तितर, लावे, बदके यांच्या शिकारीला परवाना मिळत असे. पण कलम १७ने सूर्यास्त ते सूर्योदय शिकार मना केली, कृत्रिम प्रकाशही मना केला. सूट होती ती मारलेल्या भक्ष्यावर परतणाऱ्या मांसाहारी प्राण्यांपुरती आणि तीही खास परवानगीने. म्हणजे पाखरांची रात्र पूर्ण सुरक्षित होती, निदान कागदावर.

या तरतुदीचे मर्म मला ओळखीत दिसते. आपला कायदा अनुसूचींवर उभा आहे. तितर एका यादीत, माळढोक दुसऱ्या यादीत आणि शिक्षा यादीनुसार. बंदूकधाऱ्याने आधी पाखरू ओळखले तरच या याद्यांना अर्थ. काळोखात तळ्यावरून जाणारी बदके म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या असतात. शिवाय छरे पसरतात, शेजारचे पाखरूही जखमी होते आणि ते पाणकणसात पडले तर रात्री शोधणार कोण?

पण त्याच कलमात एक फट होती. हे निर्बंध उपद्रवी प्राण्यांना लागू नव्हते आणि त्या यादीत साधा कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे होती. रात्री झोत घेऊन फिरणाऱ्याला ‘कावळे मारायला आलो’ असे म्हणायला वाव राहिला.

१९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार थांबली आणि कलम १७ही वगळले गेले. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, तेव्हा उपद्रवींची स्वतंत्र अनुसूचीही गेली. आज अनुसूची १ आणि २मधल्या पाखराला दिवसा काय, रात्री काय, मारणे गुन्हाच आहे. पाखरांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच.

राखणीला बसणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख खरे आहे. कणसे दाण्यावर आली की गोफण थांबवून चालत नाही. शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद आहे. पण तो बंदूक बाळगण्याचा परवाना. त्याने पाखरू मारण्याची मुभा मिळत नाही. अनुसूची २मधल्या प्राण्याने उभे पीक नासवले तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नोंदवून परवानगी देऊ शकतात. मोर अनुसूची १मध्ये असल्याने नुसत्या पीकनुकसानीसाठी त्याच्याबाबत तीही नाही. म्हणून भरपाई वेळेवर मिळणे हा पक्षीसंरक्षणाचाच भाग आहे. शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडून पाखरे वाचणार नाहीत.

धोका अपवादात आहे. कलम ६२नुसार केंद्र सरकार अनुसूची २मधला प्राणी ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करू शकते. २०१५-१६मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुकरांबाबत तसे झाले. उद्या एखाद्या पक्ष्याबाबत झाले, तर रात्रीची मनाई आपोआप लागू होणार नाही, कारण ती सांगणारे कलमच उरलेले नाही. सरसकट बंदी आली तेव्हा रात्रीचे कलम अनावश्यक वाटले असेल. अपवादांसाठी ते आजही आवश्यक आहे. म्हणून प्रत्येक परवानगीत आणि प्रत्येक अधिसूचनेत तीन अटी बंधनकारक हव्यात : सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वीच, झोताशिवाय, आणि पाखरू ओळखल्याखेरीज बार काढायचा नाही. संसदेने त्या अधिनियमातच पुन्हा लिहाव्यात.